दिवस भरतो, पण मन भरत नाही

आपल्या दीर्घ प्रश्नाचा गाभा मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत चूक असेल तर आपल्याला ती दाखवता येईल. आपले वय ७१ आहे. पिंपरी-चिंचवडमधील एका कारखान्यात ३४ वर्षे नोकरी करून आपण उत्पादन विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालात. कर्वेनगरात स्वतःचे घर आहे. मुलगी टोरांटोला, मुलगा बंगळुरूला, दोघांचेही बरे चालले आहे. पैशांची ओढाताण नाही. तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, त्यानंतर प्रकृतीची मोठी तक्रार नाही. निवृत्तीनंतर हातपाय गाळून बसायचे नाही या निश्चयाने आपण ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, योगवर्ग, सोसायटीची कमिटी, भजनी मंडळ, एका शिक्षणसंस्थेचे हिशेब आणि जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप समूह अशा सात ठिकाणी स्वतःला गुंतवून घेतले. सकाळी टेकडीवर दहा हजार पावले होतात. तरीही, आपल्याच शब्दांत सांगायचे तर, ‘दिवस भरतो, पण मन भरत नाही.’ आपण मुख्यतः दोन गोष्टी विचारल्या आहेत. म्हातारपणी समाधानी दिसणारी माणसे खरोखर समाधानी असतात की तसे दाखवतात, ही पहिली; आणि ते समाधान या वयात शिकता येते का, ही दुसरी.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे आणि गेली २७ वर्षे पुण्यात मुख्यतः साठीपुढच्या माणसांसोबत काम करते. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘येते’ असे आहे, परंतु आपण ज्या दिशेने ते शोधत आहात ती दिशा मला उलटी वाटते. ते सविस्तर सांगण्यापूर्वी एक रुक्ष गोष्ट उरकून घेते.

समाधानाचा विचार करण्याआधी रक्त आणि कान तपासून घ्यावेत. शाकाहारी माणसांमध्ये, आणि विशेषतः मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये, बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते. थायरॉईडचे काम मंदावले तरी माणूस निरुत्साही होतो. आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून घरचे व स्वतः रुग्णही त्याकडे दुर्लक्ष करतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांचे संसारातून मन उडाले आहे, असे घरच्यांचे म्हणणे होते, आणि त्यात थोडे कौतुकही होते. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या लक्षात आले की त्या माझ्या ओठांकडे पाहत आहेत. त्यांना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नव्हते, म्हणून जेवणाच्या टेबलावरचे निम्मे संभाषण सुटत होते आणि पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारण्याच्या संकोचाने त्या आपल्या खोलीत जाऊन बसत होत्या. घरच्यांना जी विरक्ती वाटत होती ती कानांची होती. श्रवणयंत्र लागल्यावर, त्याला सरावायला दोनेक महिने गेल्यानंतर, त्या पुन्हा सुनेशी वाद घालू लागल्या. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली त्यांत श्रवणदोष आणि दृष्टिदोष हे दोन्ही आहेत, एवढे लक्षात घेतले तरी ही तपासणी पुढे ढकलण्याजोगी नाही हे पटेल.

नैराश्याची गोष्ट वेगळी. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, भूक व वजन कमी होत असेल, किंवा ‘आपण घरच्यांना भार झालो’ हा विचार वारंवार येत असेल, तर तो वयाचा परिणाम मानू नये. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि ते सत्तरीतही लागू पडतात. हृदयविकारानंतर नैराश्याचे प्रमाण वाढते, म्हणून आपल्याला मुद्दाम सांगते. ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आपल्या पत्रातील वर्णनावरून मला आपला त्रास या प्रकारचा वाटत नाही. पण पत्र वाचून निदान करू नये, हेही मी २७ वर्षांत शिकले आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. समाधानी म्हातारी माणसे दाखवतात की असतात? स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ९४ वयाच्या १८४ माणसांना आठवडाभर पेजर देऊन, दिवसातून अनेकदा आणि अवचित, ‘या क्षणी मनात काय चालले आहे’ हे नोंदवायला सांगितले. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे दहा वर्षांहून अधिक काळ त्याचा पाठपुरावा झाला. पाहुण्यांसमोर हसरा चेहरा ठेवता येतो, पण कुकरची शिट्टी होत असताना किंवा बँकेच्या रांगेत उभे असताना वाजलेल्या पेजरला तयारीचे उत्तर देणे कठीण असते. नोंदींत असे दिसले की राग, चिडचिड, धास्ती अशा भावना वयाबरोबर साधारण साठीपर्यंत कमी होत जातात आणि त्यानंतर त्या खालच्या पातळीवर स्थिरावतात, तर आनंदाचे क्षण तितकेसे घटत नाहीत. आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. वयस्क माणसांना एकाच क्षणी सुख आणि दुःख अशा दोन्ही भावना जाणवण्याचे प्रमाण अधिक होते. आपल्या भाषेत याला ‘हुरहुर’ हा नेमका शब्द आहे. नातीला कुशीत घेताना डोळे भरून येतात तेव्हा त्यात काही बिघडलेले नसते. थोडक्यात, अशी माणसे असतात आणि ती अपवादात्मक नसतात. पण त्यांचे समाधान म्हणजे अखंड प्रसन्नता नव्हे. आपण त्यांच्याकडे पाहून जी प्रसन्नता शोधत आहात ती बहुधा त्यांच्याकडेही नसावी.

असे का होते, याचे कार्स्टेन्सन यांनी दिलेले स्पष्टीकरण आपल्या स्थितीला फार जवळून लागू पडते. त्यांच्या गटाने वेगवेगळ्या वयांच्या माणसांना विचारले की अर्धा तास मोकळा मिळाला तर तो कोणासोबत घालवाल: जवळच्या नातलगासोबत, नुकतेच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकासोबत, की जिच्याशी आपले जमेल असे वाटते अशा नव्या ओळखीच्या व्यक्तीसोबत? वयस्कांचा कल जवळच्या माणसाकडे होता, तरुणांचा तसा नव्हता. मग तरुणांना ‘तुम्ही लवकरच दूरच्या गावी कायमचे जाणार आहात’ अशी कल्पना करायला सांगितली, तेव्हा तेही जवळचा माणूस निवडू लागले. आणि वयस्कांना ‘नव्या औषधामुळे तुम्ही अपेक्षेपेक्षा २० वर्षे अधिक जगणार’ असे गृहीत धरायला सांगितले, तेव्हा त्यांचा जवळच्या माणसाकडचा कल ओसरला. याचा अर्थ, वयस्कांची निवड वयामुळे बदलत नाही. पुढे किती काळ आहे याच्या जाणिवेमुळे बदलते. काळ मर्यादित आहे हे मनाने मान्य केले की माणूस ओळखी, माहिती आणि प्रतिष्ठा जमवणे आपोआप सोडू लागतो.

मला आपल्या पत्रात दिसले ते असे की आपण ते सोडलेले नाही. आपला आठवडा पुढे तीस वर्षे आहेत अशा माणसाचा आठवडा आहे. कारखान्यात आपण ज्या पद्धतीने तीन पाळ्यांचे वेळापत्रक भरत होता, त्याच पद्धतीने आपण निवृत्ती भरली आहे. यंत्र रिकामे राहता कामा नये, ही सवय ३४ वर्षांची आहे आणि तिने आपले घर उभे केले आहे, त्यामुळे ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. फक्त तिचे काम आता संपले आहे.

आपल्या घरांत वयस्क माणसांना देण्याचे एक पारंपरिक काम आहे: निवडणे. तांदूळ निवडणे, मेथी निवडणे, चवळीच्या शेंगा निवडणे. हे काम कमीपणाचे मानले जाते आणि ‘आता काय, भाजी निवडत बसायचे’ असे निवृत्त पुरुष खेदाने म्हणतात. मला मात्र मराठीतले हे क्रियापद या वयासाठी नेमके वाटते, कारण त्यात पसंत करणे आणि खडा बाजूला काढणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. पॉल आणि मार्गरेट बाल्टेस या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९० मध्ये यशस्वी वार्धक्याची जी मांडणी केली तिच्यातही पहिली पायरी निवडीचीच आहे: थोड्या गोष्टी निवडाव्यात, त्यांना अधिक सराव व लक्ष द्यावे, आणि जी शक्ती कमी झाली तिच्या जागी युक्ती योजावी. ते पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत असत. उतारवयात रुबिनस्टाइन कमी रचना वाजवत, त्यांचा अधिक सराव करत, आणि द्रुत भागाआधीचा भाग मुद्दाम संथ करत, म्हणजे पुढचा वेग श्रोत्याला अधिक भासत असे. आपल्याकडच्या संगीताच्या श्रोत्यांना ही युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही.

आपण कर्वेनगरात राहता, म्हणून घराजवळचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. महर्षी कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये, म्हणजे वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ आणि १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, समता संघ. हा दाखला व्याख्यानांतून नेहमी ‘बघा, वय आड येत नाही’ असा दिला जातो आणि ऐकणारे बापडे आणखी दोन समित्यांवर नाव घालून येतात. मी तो वेगळ्या कारणासाठी देते. शंभरी ओलांडलेल्या त्या आयुष्यात विषय एकच होता: ज्यांना शिक्षण आणि मान नाकारला गेला त्यांना तो मिळावा. संस्था बदलत गेल्या, विषय बदलला नाही. आणि एक संस्था मार्गी लागली की ते तिच्यात गुंतून न राहता पुढे गेले. आपल्या सात ठिकाणांचा विषय कोणता, हे मला पत्र दोनदा वाचूनही कळले नाही.

तेव्हा आपण प्रत्यक्षात असे करावे. तीन आठवडे एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक ठिकाणाहून परतल्यावर तीत दोन ओळी लिहाव्यात. पहिली ओळ अशी, की मी आज गेलो नसतो तर कोणाचे काय अडले असते. ‘संस्थेचे’ असे उत्तर चालणार नाही, माणसाचे नाव लिहावे लागेल. दुसरी ओळ, की घरी येताना पाऊल हलके होते की जड. एवढेच, गुण देऊ नयेत, तक्ते करू नयेत (आपला पूर्वीचा व्यवसाय लक्षात घेता आपण एक्सेलमध्ये आलेख काढाल अशी मला धास्ती आहे). तीन आठवड्यांनी वही वाचली की सातांपैकी निदान चार ठिकाणी दोन्ही ओळी रिकाम्या किंवा जड निघतील, असा माझा अनुभव आहे. ती ठिकाणे सोडून द्यावीत. सोसायटीची कमिटी त्यांत असेल तर माझ्याकडून आगाऊ अभिनंदन.

भजनी मंडळाविषयी आपण संकोचाने लिहिले आहे की तेथे मन लागत नाही आणि त्याबद्दल अपराधी वाटते. ज्याला त्यात गोडी आहे त्याला तेथे सर्व काही मिळते. आषाढीच्या वाटेवर पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा भवानी पेठेत, नाना पेठेत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या सत्तरीच्या बायका पाहिल्या की हे सांगावे लागत नाही. पण ती गोडी लहानपणापासून वाटेवर चालून आलेली असते. वय झाले म्हणून भक्ती यायलाच हवी, असा नियम नाही. टाळ घेऊन घड्याळाकडे पाहण्यापेक्षा घरी शांत बसणे बरे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे लार्स टॉर्नस्टाम यांनी वयस्कांशी बोलून असे मांडले आहे की उतारवयात वरवरच्या भेटीगाठींची ओढ कमी होणे आणि एकांत हवासा वाटणे ही घसरण असेलच असे नाही. कित्येकदा ती वाढ असते. आपल्याला हास्यक्लबात हसू येत नाही, यात दोष शोधू नये.

जे उरेल त्यात एक तरी काम असे असावे की ज्यात आपली वाट पाहणारे कोणी असेल. माझ्याकडे येणारे एक निवृत्त अधिकारी दर बुधवारी दुपारी दोन तास एका अंध विद्यार्थ्याला अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक वाचून दाखवतात. त्यांना स्वतःला अर्थशास्त्र आवडत नाही. पण मंगळवारी रात्री ते उद्याचे प्रकरण एकदा मनात वाचून ठेवतात, कारण चुकीच्या ठिकाणी थांबले की तो मुलगा अडखळतो, हे त्यांना कळले आहे. त्यांच्या आठवड्याला त्या दोन तासांनी आकार आला आहे. मोठ्या संस्थेच्या विश्वस्तपदाने तो येत नव्हता, कारण विश्वस्त गैरहजर राहिले तरी कोरम होतो. उपयोगी असणे आणि व्यग्र असणे यांतला फरक मला याहून नीट समजावता येत नाही.

रसास्वादाचा प्रश्न याला लागूनच येतो. आयुष्याची गोडी अधिक खोलवर कशी जाणवेल, असे आपण विचारले आहे, आणि त्याच पत्रात आपण रोजच्या दहा हजार पावलांचा अभिमानाने उल्लेख केला आहे. त्या आकड्याविषयी सांगते: तो वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो जगभर पसरला. चालणे हितकर आहेच, आणि आपल्या हृदयासाठी ते आपण सोडू नये. पण मनगटावर आकडा पाहत वेताळ टेकडी चढणारा माणूस टेकडीवर नसतो, आकड्यावर असतो. अमेरिकेत व्हर्जिनिया स्टर्म यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सुमारे पन्नास वयस्क माणसे आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे फिरायला गेली. निम्म्यांना एवढेच जास्तीचे सांगितले होते की दरवेळी शक्य तर नव्या वाटेने जावे आणि थक्क करील असे काही शोधावे. सर्वांनी फिरताना स्वतःची छायाचित्रे काढली. थक्क होण्याचे सांगितलेल्यांच्या छायाचित्रांत त्यांचा चेहरा आठवड्यागणिक लहान होत गेला, मागचे झाड-आकाश अधिक आले, आणि हसू मात्र रुंदावले. प्रयोग छोटा आहे, त्यावरून मोठा सिद्धांत मी उभारणार नाही. पण ही सूचना मी अनेकांना दिली आहे आणि ती पुण्यात फार सोपी आहे. मार्चमध्ये नीलमोहोर, एप्रिल-मे महिन्यांत बहावा, विद्यापीठाच्या आवारातले जुने वड, तांबट पक्ष्याची भर दुपारची टुक-टुक, पहिल्या पावसानंतर चार दिवसांत हिरवी होणारी टेकडी. आठवड्यातून एक फेरी घड्याळ घरी ठेवून करावी.

या संदर्भात मला सहस्रचंद्रदर्शनाची आठवण होते. ८० वर्षे ८ महिने पुरे झाले की ढोबळमानाने हजार पौर्णिमा पाहून झाल्या, असे मानून आपण तो सोहळा करतो; मांडव, औक्षण, बासुंदी. मी एका आजोबांना सहज विचारले की यांतल्या किती पाहिल्या? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘कोजागिरीच्या, त्याही दुधासाठी.’ आपल्याला त्या सोहळ्याला सुमारे साडेनऊ वर्षे आहेत, म्हणजे जवळजवळ १२० पौर्णिमा. पावसाळ्यातल्या ढगांच्या वजा केल्या तरी सत्तर-ऐंशी उरतात. गच्चीला कुलूप असल्यास किल्ली सोसायटीच्या कमिटीकडे असते, आणि कमिटी सोडण्यापूर्वी आपण एवढे काम करून घ्यावे.

संगीताचेही तसेच. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे आणि आपल्या पिढीतल्या कित्येकांना सर्व दिवस, सर्व सत्रे हजेरी लावण्याची सवय आहे. आपण एकच सत्र निवडावे, आदल्या आठवड्यात त्या गायकाचा एखादा राग घरी दोन-तीनदा ऐकावा, आणि मग जावे. नवे ऐकण्याची हाव कमी झाली की परिचितातले बारकावे ऐकू येऊ लागतात. रसिक हा आपला जुना शब्द अशाच माणसासाठी आहे, असे मला वाटते.

रोज कृतज्ञतेच्या पाच गोष्टी लिहाव्यात का, असेही आपण विचारले आहे. या विषयावर २००३ पासून पुष्कळ संशोधन झाले आहे आणि काहींना त्याचा फायदा होतो. पण रोज लिहिले की चौथ्या दिवसापासून ‘चहा, सूर्य, आरोग्य’ असा हजेरीपट सुरू होतो. आठवड्यातून एकदाच, आणि एकाच माणसाविषयी, पानभर लिहावे. त्या व्यक्तीने नेमके काय केले, तेव्हा आपण कोठे होतो, तिला ते माहीत आहे का. ती हयात असेल तर फोन करावा. हे पत्र लिहून झाल्यावर मीही एक फोन करणार आहे, बरेच दिवस राहिला आहे.

आता जरा अवघड भाग. आपल्या पत्रात एक वाक्य आहे: ‘रात्री झोप लागण्यापूर्वी जुन्या गोष्टी डोक्यात येतात, त्या झटकून टाकतो.’ झटकू नये, असे माझे मत आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये प्रथम जोर देऊन सांगितले की म्हातारी माणसे मागचे आठवत बसतात तो मेंदूचा थकवा नसून एक आवश्यक काम असते. माणूस आपल्या आयुष्याचा ताळेबंद पाहत असतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन यांच्या मांडणीतही शेवटच्या टप्प्याचे काम हेच आहे: जे घडले ते माझेच आयुष्य होते आणि ते तसे होते, हे स्वीकारता येणे, ते न जमल्यास उरते ती हताशा. यात यशाच्या आठवणींना फारसे काम नसते. काम असते ते चुकांना.

एक गृहस्थ सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी २२ वर्षे बोलत नव्हते. वाडा केव्हाच पडून तेथे इमारत झाली होती. आम्ही चार महिने फक्त त्या भांडणाच्या आधीची वर्षे लिहून काढली: दोघे मिळून मुठेत पोहायला जात, पानशेतच्या पुराच्या दिवशी, १२ जुलै १९६१ ला, धाकट्याला खांद्यावर घेऊन हे कसे पळाले. ते लिहिताना त्यांना प्रथमच जाणवले की वाटणीच्या वेळी आपण कागद दाखवला पण भावाला विचारले नाही. ते स्वतः होऊन भावाकडे गेले. भावाने चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. समेट झाला असे म्हणता येणार नाही. दिवाळीला फराळाचा डबा येतो-जातो, तेवढेच. पण त्यांची रात्रीची झोप सुधारली, आणि ते मला म्हणाले की आता चूक माझ्याजवळ आहे, पूर्वी ती माझ्या मागे लागली होती. आपण ज्या ‘जुन्या गोष्टी’ म्हणता त्यांतली एक निवडून ती सकाळच्या उजेडात, कागदावर, घडली तशी लिहावी. रात्री अंधारात तिच्याशी झुंजू नये. लिहिताना छाती धडधडू लागली किंवा मन फार खचले तर मात्र एकट्याने पुढे जाऊ नये, कोणा जाणत्याची सोबत घ्यावी.

या आवरासावरीतच कागदपत्रेही येतात. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करता येते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. ‘असले अशुभ आत्ताच कशाला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सही करून आल्यावर मात्र बहुतेकांना चांगली भूक लागलेली मी पाहिली आहे.

शेवटी एक निरीक्षण, जे कदाचित आपल्याला आवडणार नाही. आपल्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलगी, मुलगा, डॉक्टर, सहकारी, कमिटीचे अध्यक्ष या सर्वांविषयी परिच्छेद आहेत. पत्नीविषयी एकच वाक्य आहे: ‘सौ. म्हणते, थोडे घरात थांबत जा.’ आपण ते तक्रार म्हणून लिहिले आहे, असे मला वाटते. मी ते निमंत्रण म्हणून वाचले. अर्थात उद्यापासून दिवसभर घरात बसून स्वयंपाकघराचे उत्पादन-व्यवस्थापन सुधारू नये. निवृत्त पतीने डब्यांना लेबले लावल्यामुळे सुरू झालेली भांडणे माझ्यापर्यंत आलेली आहेत. आपल्या पत्नीचे घर गेली चाळीस वर्षे त्यांच्या पद्धतीने चालले आहे आणि तेथे आपण नवे उमेदवार आहात.

आठवड्यातून दोन संध्याकाळी, हास्यक्लब व कमिटी यांतून मोकळ्या झालेल्या वेळात, त्यांच्याशेजारी बसून मेथीची जुडी निवडावी. दूरचित्रवाणी बंद असावी. पहिल्या दिवशी देठे ठेवली म्हणून बोलणी खावी लागतील, दुसऱ्या दिवशी पाने टाकली म्हणून. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांना एवढेच विचारावे की या वयात तुला काय करावेसे वाटते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्याला एखाद्या वेळी आठवडाही लागतो. तीन आठवड्यांनी वही घेऊन माझ्याकडे यावेसे वाटले तर जरूर या, आणि येताना त्यांनाही आणा. त्यांची बाजू मी अजून ऐकलेली नाही.